पिंगळा शोधायचा तर आधी ढोली शोधा

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत आमच्या पार्ल्याच्या गल्लीतल्या काकूंनी मला जिन्यातच गाठलं. “अगं, आमच्या मागच्या खिडकीबाहेर रोज तिन्हीसांजेला कोण भांडतं गं? बघावं तर माणूस नाही, मांजर नाही. नुसतं चिर्रर्र चिर्रर्र, चिवक चिवक. नळावर भांडण लागल्यासारखं.” दुसऱ्या दिवशी सहालाच मी त्यांच्या खिडकीत जाऊन बसले. साडेसहाच्या सुमारास समोरच्या रेन ट्रीच्या खोडावर, साधारण दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर, एका काळ्या भोकातून गोल डोकं वर आलं. दोन पिवळे डोळे. त्यांनी थेट आमच्याकडे बघितलं, मान दोन-तीनदा खाली-वर झाली आणि मग एक चिमुकलं घुबड बाहेर येऊन फांदीवर बसलं. पाठोपाठ दुसरं आलं. पहिल्याला अगदी चिकटून बसलं, त्याच्या मानेवरची पिसं चोचीनं विंचरली आणि मग दोघांनी मिळून जो कालवा सुरू केला तो पाच मिनिटं थांबला नाही.

काकू त्या खिडकीत वीस वर्षं चहा पीत आल्या होत्या. “म्हणजे हे इथंच होते होय!” एवढंच म्हणाल्या, पण त्या आवाजात जो आनंद होता तो मला अजून आठवतो.

हा पिंगळा. घुबड बघायचं तर बोरिवलीच्या नॅशनल पार्कात किंवा आरेत जावं लागतं, असं बहुतेक मुंबईकरांना वाटतं. पार्कात आणि आरेत घुबडं आहेतच, पण पिंगळ्यासाठी एवढं लांब जायची गरज नाही. दादरची हिंदू कॉलनी, माटुंग्याची फाइव्ह गार्डन्स, भायखळ्याची राणीची बाग, मुलुंडच्या जुन्या कॉलन्या अशा ठिकाणी, म्हणजे जिथं पन्नास-साठ वर्षांची झाडं अजून उभी आहेत तिथं संध्याकाळी कान देऊन बघा. पिंगळा माणसाला बिचकून लांब जाणारा पक्षी नाही. त्याला हवं ते मिळालं तर तो तुमच्या स्वयंपाकघरापासून वीस फुटांवर संसार मांडतो. त्याला काय हवं असतं, हेच या लेखात सांगायचंय, कारण ते कळलं की तो दिसायला लागतो.

आधी ओळख. पिंगळा उंचीला साळुंकीएवढा, लांबी जेमतेम २१ सेंटिमीटर. वजन शंभर ते सव्वाशे ग्रॅम, म्हणजे साधारण एका वडापावाएवढं. अंग राखाडी-तपकिरी, त्यावर पांढरे ठिपके, डोळ्यांवर पांढऱ्या भुवया, गळ्याशी पांढरा पट्टा. डोळे पिवळेजर्द. डोकं गोल, त्यावर तुरे नाहीत. उडतो तेव्हा चार-पाचदा भरभर पंख मारतो, मग पंख मिटून थोडा खाली येतो, पुन्हा वर. लाटेवरून गेल्यासारखा. अंधुक उजेडात ठिपके दिसत नाहीत, पण हे उडणं दिसतं आणि तेवढ्यावरही तो ओळखता येतो.

दुसरं छोटं घुबड म्हणजे शिंगळा. पिंगळ्याहून किंचित मोठा, डोळे गडद तपकिरी आणि डोक्यावर पिसांचे दोन तुरे. लोक त्यांना कान समजतात. ते कान नाहीत आणि शिंगंही नाहीत, नुसती पिसं आहेत. शिंगळ्याचा रंग इतका हुबेहूब सालीसारखा असतो की हातभर अंतरावर बसला तरी दिसत नाही. तो दिवसा डोळे बारीक करून, अंग लांबट करून, तुटक्या फांदीसारखा निश्चल बसून राहतो. आवाज मात्र अगदी साधा, एकच मऊ स्वर, कुणी हळूच “वुक्?” असं विचारावं तसा. मग काही सेकंद शांतता, पुन्हा “वुक्?”. हा बेडकाचा आवाज समजून पुष्कळ जण दुर्लक्ष करतात. पवई, आरे, मुलुंडच्या डोंगराकडच्या सोसायट्या इथं रात्री दहानंतर गॅलरीत उभं राहिलं की तो कानावर पडू शकतो.

तिसरं गव्हाणी घुबड. पत्त्यांतल्या बदामासारखा पांढरा चेहरा असलेलं, पिंगळ्याच्या दीडपट लांब. ते छोटं नाही, त्यामुळे आज त्याच्याबद्दल फार सांगत नाही. पण रात्री दोनला बिल्डिंगच्या डक्टमधून किंचाळी किंवा साप फुत्कारल्यासारखा लांबलचक आवाज आला आणि सगळा मजला घाबरून जागा झाला, तर ते बहुतेक वेळा गव्हाणी घुबडाचं कुटुंब असतं. पिल्लं भूक लागली की तसाच आवाज करतात. आणि रात्री आकाशातून ओरडत जाते ती बऱ्याचदा टिटवी असते. तिचं खापरही घुबडाच्याच माथी फुटतं.

माथी फुटण्यावरून आठवलं. आपल्याकडे घुबड म्हणजे अपशकुन. लहानपणी मला सांगितलं होतं की घुबडाला दगड मारू नये, ते तो झेलतं आणि झिजवत बसतं, दगड झिजेल तसा माणूस झिजतो. निदान या समजुतीनं दगड तरी थांबले असतील. पण याच मातीत दुसरीही गोष्ट आहे. पहाटे कंदील आणि डमरू घेऊन दारी येणारा, पक्ष्याची भाषा कळते म्हणून घरच्यांचं भविष्य सांगणारा भिक्षेकरी जोशी, त्यालाही आपण पिंगळाच म्हणतो. त्याचं येणं अशुभ नव्हतं. आमची आजी गिरगावात सूपभर दाणे घालून त्याला नमस्कार करायची. एकाच नावाच्या माणसाला धान्य आणि पाखराला शिव्या, हे मला आजीला विचारायचं राहून गेलं.

आता शोधायचं कसं?

पिंगळा डोळ्यांनी शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. पहिले पंधरा दिवस फक्त कान वापरा. वेळ सूर्यास्ताच्या दहा मिनिटं आधीपासून पुढं अर्धा तास. डिसेंबरात ती सहाच्या सुमारास येते, मे महिन्यात सातनंतर. पहाटे फटफटायच्या आधीही तसाच अर्धा तास असतो आणि मुंबईत तो जास्त चांगला, कारण रिक्षा आणि हॉर्न सुरू झालेले नसतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सर्वांत सोपे. जोड्या आपली हद्द सांगत असतात, त्यामुळे आवाज जास्त. या दिवसांत एकाच जागी तीन-चार संध्याकाळी उभं राहिलात आणि काहीच ऐकू आलं नाही, तर पुढच्या गल्लीत जा.

आवाजाची दिशा कळली की दिवसा तिथं जा आणि मान वर करण्याआधी खाली बघा. ही युक्ती मला फार उशिरा कळली. पिंगळा रोज त्याच त्या फांदीवर बसतो, त्यामुळे त्याच्या बसायच्या जागेखाली खोडावर, भिंतीवर किंवा गाडीच्या टपावर चुन्यासारखे पांढरे ओघळ पडतात. कावळ्या-कबुतरांचीही घाण पडते, पण कबुतराची छज्जाभर पसरते आणि कावळा रोज जागा बदलतो. एकाच जागी, एका रेषेत, थरावर थर चढलेला पांढरा ओघळ आणि वर एखादं भोक किंवा दाट फांदी, असं दिसलं की थांबा.

त्या ओघळाखाली कधीकधी करड्या रंगाच्या गोळ्या सापडतात, बोटाच्या पेराएवढ्या. ही विष्ठा नाही. घुबडाला दात नाहीत, ते भक्ष्य अख्खं किंवा दोन-तीन तुकड्यांत गिळतं. मांस पचतं, हाडं, केस, किड्यांची कवचं पचत नाहीत. पोटाचा स्नायूंचा भाग त्यांची घट्ट गोळी करतो आणि काही तासांनी घुबड ती तोंडावाटे बाहेर टाकतं. काकूंच्या झाडाखालची एक गोळी मी हातमोजे घालून घरी आणली, बशीत कोमट पाण्यात भिजवली आणि वर्तमानपत्रावर ठेवून सुईनं सोडवली. मिळालं ते असं: भुंगेऱ्यांच्या पाठीची हिरवट-काळी, चकाकणारी कवचं, निदान सहा-सात किड्यांची; झुरळाची काटेरी तंगडी; पालीचा खालचा जबडा, त्यात डोळ्यांना जेमतेम दिसतील असे ओळीनं दात; आणि राखाडी केसांच्या बोळ्यात अडकलेला उंदराच्या पिल्लाचा पुढचा दात, नारिंगी रंगाचा, वाकडा. एवढ्याशा गोळीत इतकं. म्हणजे आम्ही झोपलेलो असताना बिल्डिंगच्या मागच्या बाजूला काय चाललं होतं, याचा तो हिशोबच होता. काकूंनी तो कागद हातात धरून नीट बघितला आणि झुरळाच्या तंगडीपाशी बोट ठेवून म्हणाल्या, “हे तर फार चांगलं काम करतोय.”

पिंगळ्याचं खाणं म्हणजे मुख्यतः किडे, त्यात पाली, उंदीर, चिचुंद्री, क्वचित वटवाघूळ किंवा लहान पक्षी. म्हणून तो रस्त्याच्या दिव्याजवळच्या वायरीवर बसलेला दिसतो. दिव्याभोवती किडे जमतात, तो वरून झेप घेतो. जूनमध्ये पहिला पाऊस पडून गेला की संध्याकाळी पंख फुटलेल्या वाळव्यांचे थवे जमिनीतून निघतात. आपण त्या वेळी दिवे मालवून खिडक्या लावतो. त्याऐवजी जिन्यातला दिवा चालू ठेवा आणि जरा लांब उभे राहा. पिंगळ्याला सहज बघता येईल अशी दुसरी संध्याकाळ वर्षात नाही.

दिवसा शोधायचा असेल तर दुसऱ्या पाखरांना विचारा. बुलबुल, दयाळ, शिंजीर, शिंपी आणि एखादी खार असे सगळे एका फांदीकडे तोंड करून कर्कश ओरडत असतील, जवळ जाऊन मागं येत असतील, तर त्या पानांत मांजर, साप किंवा घुबड यांपैकी काहीतरी असतं. हा गलका ही त्यांची संरक्षणाची पद्धत आहे. पिंगळ्याची सगळी भिस्त नकळत झडप घालण्यावर असते. सगळ्या मोहल्ल्यानं “हा बघा इथं बसलाय” म्हणून बोंब मारली की त्याची शिकार फसते आणि तो जागा बदलतो. कावळे यात सामील झाले तर प्रकरण गंभीर. आठ-दहा कावळ्यांनी घेरलेला पिंगळा मी पार्ल्यातच रस्त्यावर पडलेला पाहिलाय.

आणि सापडला की तो तुमच्याकडे बघून मान खाली-वर करील. पुष्कळांना वाटतं तो घाबरवतोय किंवा नमस्कार करतोय. खरं कारण त्याच्या डोळ्यांत आहे. आपले डोळे गोल चेंडूसारखे, खोबणीत फिरणारे. घुबडाचे डोळे नळीच्या आकाराचे, हाडाच्या कड्यात घट्ट बसलेले. कमी उजेडात जास्तीत जास्त प्रकाश घ्यायला मोठी बाहुली आणि खोल डोळा हवा. एवढ्याशा डोक्यात तेवढा डोळा मावायचा तर तो नळीसारखाच असावा लागतो. त्यामुळे त्याला डोळे फिरवता येत नाहीत. बाजूला बघायचं तर अख्खं डोकंच वळवावं लागतं. आपल्या मानेत ७ मणके, त्याच्या मानेत १४. त्यामुळे मान एका बाजूला जवळजवळ २७० अंश, म्हणजे पाऊण वर्तुळ फिरते. आपण तेवढी वळवायला गेलो तर मेंदूकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या पिळल्या जातील. घुबडाच्या मणक्यांत त्या वाहिन्यांसाठी भरपूर रुंद जागा असते, म्हणून त्या मोकळ्या राहतात.

आता ती खाली-वर हालचाल. एक डोळा मिटून अंगठा समोर धरा आणि डोकं थोडं इकडं-तिकडं करा. अंगठा मागच्या भिंतीवरून सरकताना दिसेल, भिंतीवरचं घड्याळ मात्र फारसं हलणार नाही. जवळची वस्तू जास्त सरकते, लांबची कमी. या फरकावरून अंतर कळतं. पिंगळा हेच करतो. तुम्ही किती लांब आहात याचं माप घेतो. एकदा माप घेऊन तुम्ही हललात नाहीत, तर तो पुन्हा आपल्या कामाला लागतो. म्हणून दिसला की जवळ जाऊ नका. तिथंच बसा.

हे सगळं झालं शोधण्याचं. पण मी मघाशी म्हटलं की त्याला काय हवं ते कळायला हवं. त्याला हवी ढोली.

पिंगळा घरटं बांधत नाही आणि लाकूड कोरण्याइतकी चोच त्याच्याकडे नाही. त्याला आयतं भोक लागतं, आणि ते आयतं भोक तयार व्हायला एक माणूस म्हातारा होईल एवढा काळ जाऊ शकतो. कसं ते बघा. जुलैच्या वाऱ्यात एक जाड फांदी मोडते. लहान जखम असेल तर झाड दोन-तीन वर्षांत सालीचा कडा वाढवून ती बुजवतं. फांदी मांडीएवढी जाड असेल तर बुजत नाही. त्या उघड्या तोंडातून पावसाचं पाणी आत झिरपतं, बुरशी शिरते आणि खोडाचा मधला गाभा हळूहळू मऊ पडत जातो. मुंबईचा चार महिन्यांचा पाऊस हे काम वर्षानुवर्षं करत राहतो. मुंग्या आणि अळ्या मऊ झालेला भुसा बाहेर काढतात. तांबट पक्षी वाळक्या फांदीत आपलं भोक कोरतो. ते पिंगळ्याला लहान पडतं, पण तांबट सोडून गेल्यावर कुजत कुजत, पोपटांनी कडा कुरतडून ते मोठं होतं. असं होता होता हातभर खोल, कोरडी, आत अंधार असलेली खोली तयार होते. बाहेर जाड लाकूड असल्यामुळे एप्रिलच्या दुपारी ती बाहेरच्यापेक्षा थंड राहते.

आणि इथं एक गैरसमज आहे तो मला मनापासून दूर करायचाय. ढोली पडली म्हणजे झाड मेलं, असं नाही. मधला गाभा तसाही मेलेल्या पेशींचा असतो, तो फक्त आधाराचं काम करतो. झाडाचं पाणी आणि अन्न वाहतं ते सालीखालच्या बाहेरच्या थरांतून. पोकळ झाड म्हणूनच पुढं कितीतरी वर्षं हिरवंगार जगतं. मुंबईत दर पावसाळ्यात झाडं पडतात, माणसं जखमी होतात, हेही खरं आहे आणि ते मी हलकं मानत नाही. शाळेच्या फाटकावर झुकलेलं पोकळ झाड तसंच सोडा, असं कुणीच म्हणणार नाही. पण वरच्या फांद्यांचं वजन कमी केलं की खोड ठेवता येतं. पुष्कळदा ढोलीचं भोक बघूनच “कापून टाका” म्हटलं जातं. त्याआधी जाणकाराला दाखवायला हवं.

मुंबईत ढोल्या बहुतेक रेन ट्री, आंबा, वड, जुना गुलमोहर यांत सापडतात. रेन ट्री आणि गुलमोहर परदेशी, म्हणून काही निसर्गप्रेमी त्यांच्यावर नाराज असतात. नवीन लावताना देशी झाड लावावं हे मलाही पटतं. पण साठ वर्षांचा रेन ट्री पाडून त्या जागी बकुळीचं रोप लावलं, तर पिंगळ्याच्या हिशोबात त्याचं घर गेलं आणि पुढचं मिळायला त्याच्या कित्येक पिढ्या जायच्या. त्यात गेल्या काही वर्षांत पिठ्या ढेकूण या रस शोषणाऱ्या किडीमुळे कितीतरी रेन ट्री वाळून गेले. उरलेल्या प्रत्येक ढोलीसाठी पोपट, साळुंक्या आणि पिंगळे यांच्यात चढाओढ आहे. साळुंकी काही कमी भांडखोर नाही.

झाड नसेल तर पिंगळा भिंतीतलं भोक घेतो. दगडी बांधकामातला निखळलेला चिरा, पाइप काढून न बुजवलेलं भोक, कौलारू छपराची वळचण, जुन्या व्हेंटिलेटरमागची खबदाड. चाळींमध्ये आणि जुन्या दोन-तीन मजली इमारतींमध्ये अशा जागा पुष्कळ होत्या. नवीन टॉवरला बाहेरून एकही भोक नसतं. त्यामुळे पुनर्विकासात माणसाला संक्रमण काळातलं भाडं मिळतं, पिंगळ्याला काहीच मिळत नाही. कुणी आर्किटेक्ट हे वाचत असेल तर एक विनंती: उत्तरेकडच्या भिंतीत, वर, मांजर पोचणार नाही अशा जागी दोन पोकळ कप्पे सोडायला फारसा खर्च येत नाही.

दुसरी अडचण वेळेची. पिंगळ्याची वीण साधारण जानेवारी ते एप्रिल. मादी तीन-चार पांढरी अंडी घालते, ती महिनाभर उबवावी लागतात आणि पुढं जवळपास महिनाभर पिल्लं आतच असतात. म्हणजे पुष्कळ पिल्लं ढोलीत असण्याचे दिवस आणि पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीचे दिवस नेमके एकच, एप्रिल आणि मे. काकूंच्या खिडकीतून पिंगळे दिसले त्याच वर्षी एप्रिलमध्ये आमच्या पलीकडच्या एका सोसायटीत छाटणीला आलेल्या माणसांनी आंब्याची जाड फांदी उतरवली. आतून तीन पिल्लं निघाली, एक जागीच मेलं. वॉचमननं धावत येऊन मला बोलावलं. उरलेली दोन पांढुरक्या लवेची, मुठीएवढी, जमिनीवर बसून चोच टकटक वाजवत होती. आम्ही एक जुनी करंडी घेतली, तळाला वाळका पाला घातला, पिल्लं त्यात ठेवली आणि त्याच झाडाच्या उरलेल्या बेचक्यात, शिडी लावून, सुतळीनं घट्ट बांधली. मग सगळ्यांना तिथून हलवलं. सात वाजता आई की बाप कोण ते कळलं नाही, पण एक पिंगळा वायरीवर आला, बराच वेळ मान खाली-वर करत राहिला आणि मग चोचीत काहीतरी घेऊन थेट करंडीच्या काठावर उतरला. वॉचमनदादा आणि मी पार्किंगमध्ये गाडीआड बसून ते बघत होतो. त्यांना बोलता येईना, मलाही.

पिल्लाला माणसाचा हात लागला की आई टाकते, ही समजूत खोटी आहे. तुम्हाला पिल्लू खाली सापडलं तर आधी बघा, ते जखमी आहे का. नसेल तर कुत्र्या-मांजरांपासून वाचवून, त्याच झाडावर किंवा अगदी जवळ उंच जागी ठेवा आणि संध्याकाळपर्यंत थांबा. उडता येण्याआधीच पिल्लं ढोलीबाहेर येऊन फांद्यांवर चढाउतार करतात, त्यात पडणं व्हायचंच. दूध, पाव, भात यांतलं काही देऊ नका. पाणीही चोचीत ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. जखमी असेल, किंवा संक्रांतीच्या दिवसांत मांजात अडकलेला मोठा पक्षी सापडला, तर भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा. घुबड पकडणं, पाळणं, विकणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. दिवाळीच्या आसपास जादूटोण्यासाठी त्यांची चोरटी विक्री होते, तेव्हा कुणी “घुबड आहे का इकडं” म्हणून चौकशी करत असेल तर जागा सांगू नका. व्हॉट्सॲपवरही ढोलीचं नेमकं ठिकाण टाकू नका.

छाटणीबद्दल सोसायटीनं करण्यासारखी गोष्ट सोपी आहे. खासगी आवारातलं झाड तोडायला किंवा छाटायलाही १९७५ च्या राज्याच्या झाडांच्या कायद्यानुसार पालिकेची परवानगी लागते, उद्यान खात्याकडे अर्ज करावाच लागतो. तो अर्ज एप्रिलऐवजी ऑक्टोबरात करा आणि ढोली असलेल्या झाडाचं काम वीण सुरू होण्याआधी, नोव्हेंबर-डिसेंबरात उरकून घ्या. कामाच्या आदल्या संध्याकाळी कुणीतरी अर्धा तास झाडाखाली उभं राहायचं. बस, एवढंच.

उंदरांच्या विषाचं मात्र नीट समजून घ्यायला हवं, कारण ते प्रत्येक सोसायटी वापरते. दुकानात मिळणाऱ्या रंगीत वड्यांमध्ये बहुतेक ब्रोमाडायोलोनसारखं औषध असतं. रक्त गोठायला के जीवनसत्त्व लागतं आणि शरीर ते पुन्हा पुन्हा वापरत असतं. हे विष तो फेरवापर बंद पाडतं. शिल्लक संपली की उंदराला आतल्या आत रक्तस्राव होतो. पण यात काही दिवस जातात. तोवर उंदीर जिवंत असतो, सुस्त होतो, उघड्यावर लडखडत फिरतो. पिंगळ्याला याहून सोपी शिकार कुठली? तो असा उंदीर पिल्लांना नेऊन देतो. विष उंदराच्या यकृतात असतं तिथून पिंगळ्याच्या यकृतात जातं आणि पुष्कळ दिवस तिथंच साठून राहतं. असे दोन-चार उंदीर झाले की पक्षी फांदीवरून खाली पडलेला मिळतो, अंगावर जखमेची खूण नाही. लेप्टोच्या, म्हणजे उंदरांमुळे पसरणाऱ्या तापाच्या भीतीनं उंदीर आवरायलाच हवेत, त्यात दुमत नाही. पण सापळे लावा, ड्रेनेजच्या तोंडाला जाळी बसवा, ओला कचरा रात्री उघडा ठेवू नका. आमच्या बिल्डिंगमध्ये वड्या बंद करून पिंजरे आणले तेव्हा सेक्रेटरींनी आधी नाक मुरडलं होतं. आता तेच रोज सकाळी पिंजरे बघतात.

सापडल्यावर टॉर्चचा झोत डोळ्यांवर मारू नका, फ्लॅश तर नकोच. मोबाइलवर त्याचा आवाज लावून त्याला बोलावणं हा प्रकार हल्ली वाढलाय. त्याला वाटतं दुसरी जोडी हद्दीत घुसली. अंडी सोडून तो भांडायला बाहेर येतो आणि तेवढ्यात कावळा आत डोकावतो.

ज्यांना याहून पुढं जायचंय त्यांनी नॅशनल पार्कात सकाळी जावं. तिथं अंगावर ठिपक्यांऐवजी बारीक आडव्या पट्ट्या असलेला जंगलातला पिंगळा दिवसाही बोलतो. सावकाश सुरू करून भराभर चढत जातो. आणि रानपिंगळा? ही त्याहून वेगळी, दुर्मीळ जात. तो शंभरहून अधिक वर्षं कुणाला दिसला नव्हता, १८८४ नंतर थेट १९९७ मध्ये शहाद्याजवळ सापडला. पुढं २०१४ मध्ये तानसा अभयारण्यातही त्याची नोंद झाली. ज्या तानसाचं पाणी आपण नळाला पितो, तिथंच. तो शहरात येणार नाही, पण मुंबईपासून इतक्या जवळ तो आहे, हे माहीत असलेलं बरं.

काकूंची बिल्डिंग या वर्षी पुनर्विकासाला गेली. रेन ट्री कंपाउंडच्या कडेला असल्यामुळे सध्या उभा आहे, त्याच्या बुंध्याभोवती पत्रे लागलेत. काकू तीन वर्षांसाठी भाड्यानं जोगेश्वरीला राहायला गेल्या. गेल्या महिन्यात रात्री नऊला त्यांचा फोन आला. आधी प्रकृतीचं झालं, मग नव्या घराच्या पाण्याचं झालं, आणि मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “ऐक ना, इथं मागच्या भिंतीला पाइपाचं एक भोक आहे. त्याच्याखाली पांढरा ओघळ आहे. सरळ, एका रेषेत. उद्या संध्याकाळी येतेस का?”